कोन कोणाच्या हातात?

नित्याच्या वस्तू : लेखांक ११

केशकर्तनालयाच्या खुर्चीत दाढीसाठी बसलं, गळ्याभोवती कापड बांधून झालं, की एक बारीकसा आवाज येतो. कारागीर नवं ब्लेड काढतो, कागद न सोडता ते मधोमध दुमडतो आणि कट्कन त्याचे दोन तुकडे करतो. अर्धं ब्लेड वस्तऱ्याच्या खाचेत जातं, उरलेलं अर्धं कागदात पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत राहतं. एड्सच्या धास्तीनं आपल्याकडे ही पद्धत रुळली. त्याआधीचा वस्तरा अख्ख्या पोलादाचा असे, चामड्याच्या पट्ट्यावर पाजळलेला, आणि तोच साऱ्या गावाच्या गालांवरून फिरत असे.

मागच्या लेखांकात तुरटीबद्दल लिहिलं, तेव्हा दाढीनंतर गालावर फिरवायच्या खड्याचा उल्लेख आला होता. त्यानंतर ओळखीच्या दोघातिघांनी एकच प्रश्न विचारला. जुन्या पद्धतीचा सेफ्टी रेझर बरा, की चार-पाच पात्यांचं कार्ट्रिज? उत्तर द्यायचं तर आधी त्या कारागिराच्या हाताकडे नीट बघावं लागेल.

वस्तरा चालवणारा हात एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळतो, कोन आणि दाब. पातं त्वचेशी साधारण तीस अंशांत असलं की केस मुळाशी कापला जातो. ते फार आडवं झालं की केसावरून नुसतं घसरतं, फार उभं झालं की कातडी खरवडतं. आणि चेहरा काही सपाट नसतो. गालावर जमलेला कोन जबड्याच्या कडेला चुकतो, कंठमण्याजवळ तर तो क्षणाक्षणाला बदलावा लागतो. दुसऱ्या हाताची दोन बोटं त्वचा ताणून धरतात तीही त्याचसाठी. हे शिकायला वर्षं जातात. या हाताला स्वतःचा विचारही असतो. १८९० मध्ये मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा भरवून विधवांचं केशवपन करायला नकार दिला, ही आपल्या सामाजिक इतिहासातली मला फार मोलाची वाटणारी नोंद आहे.

ज्याला हे कौशल्य येत नाही, त्यानं स्वतःची दाढी स्वतः कशी करावी? अठराव्या शतकात पेरे नावाच्या फ्रेंच कारागिरानं वस्तऱ्याला लाकडाची आड लावून पाहिली. कल्पना सुताराच्या रंध्यासारखी, की पातं लाकडातून जेमतेम डोकावेल आणि खोल जाणार नाही. १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी खुरप्यासारखा आडव्या डोक्याचा रेझर केला आणि ‘सेफ्टी रेझर’ हे नाव तेव्हापासून चाललं. पण त्यातलं पातं म्हणजे वस्तऱ्याचाच आखूड तुकडा होता. त्याला धार लावत बसण्यातून सुटका नव्हती.

ती सुटका किंग कॅम्प जिलेटनं केली. हा मूळचा फिरता विक्रेता, बाटल्यांची पत्र्याची बुचं करणाऱ्या कंपनीत नोकरीला. त्या बुचाचा शोध लावणाऱ्या विल्यम पेंटर यांनीच त्याला सांगितलं होतं, की लोक एकदा वापरून टाकून देतील आणि पुन्हा विकत घ्यायला येतील, असं काहीतरी शोध. १८९५ मध्ये आरशासमोर बोथट वस्तरा हातात धरून उभा असताना त्याला पातळ पत्र्याचं ब्लेड सुचलं. सुचणं सोपं होतं. इतक्या पातळ पोलादाला पाणी देऊन टिकाऊ धार आणता येणार नाही, असंच जाणकार सांगत होते. विल्यम निकरसन या अभियंत्यानं ते करून दाखवलं, आणि माझ्या मते या गोष्टीतला खरा नायक तोच, जरी पाकिटावर चेहरा जिलेटचा छापला गेला. १९०३ मध्ये विक्री सुरू झाली, त्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. पुढच्या वर्षी रेझरचा आकडा नव्वद हजारांवर गेला. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारनं सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर आणि तीन कोटींहून जास्त ब्लेडं मागवली. दाढी करायला न्हाव्याकडे जाणारी एक पिढी खंदकातून घरी परतली, ती रोज स्वतःच्या हातानं दाढी करायची सवय घेऊनच.

या रेझरमधली युक्ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. घरात असला तर जरूर खोलून बघा. ब्लेड हातात घेतलं तर लवलवतं, जाडी मिलिमीटरचा दहावा भाग. रेझरची वरची टोपी आणि खालची पट्टी मात्र किंचित वाकलेली असतात. मूठ फिरवून आवळली की ब्लेड त्या दोहोंमध्ये कमानीसारखं वाकतं, आणि वाकल्यामुळेच ताठ होतं. कागदाची पट्टी लांबीच्या रेषेत थोडी दुमडली की ती हवेत सरळ उभी राहते, तसंच हे. जाड पोलादाचा ताठपणा पातळ पत्र्यात आणला तो असा. टोपी आणि पट्टी यांच्यामध्ये धार केसाएवढी डोकावते, म्हणून जखम झाली तरी वरवरची होते. म्हणजे कारागिराच्या हातातलं अर्धं काम धातूनं उचललं. उरलेलं अर्धं, म्हणजे कोन आणि दाब, वापरणाऱ्याकडेच राहिलं.

रेझर स्वस्तात द्यायचा आणि ब्लेडवर पैसे कमवायचे, ही जिलेटचीच चाल, असं व्यापाराच्या पुस्तकांतून शिकवलं जातं. शिकागो विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक रँडल पिकर यांनी जुने दर तपासून दाखवलं, की घडलं ते उलटं. पेटंट जिवंत होतं तोवर रेझर पाच डॉलरचा, म्हणजे तेव्हाच्या मानानं चांगलाच महाग होता. १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपली, कुणीही तसा रेझर आणि तसं ब्लेड बनवायला मोकळा झाला, आणि मग जुन्या नमुन्याची किंमत एक डॉलरवर आली. या मोकळिकीचं फळ आपण आजही खातो. दुधारी ब्लेडची मधली खाच जगभर सारखीच. ठाण्यात बनलेलं सुपर-मॅक्स ब्लेड जर्मन रेझरमध्ये बसतं, जपानी ब्लेड वडिलांच्या पितळी रेझरमध्ये बसतं. कोणतीही कंपनी तुम्हाला बांधून ठेवू शकत नाही.

विक्रेत्याच्या दृष्टीनं ही मोठीच अडचण. त्यात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या विल्किन्सन स्वोर्डनं न गंजणाऱ्या पोलादाचं ब्लेड आणलं, ते साध्या ब्लेडच्या कितीतरी पट टिकायचं, आणि जिलेट कंपनीलाही त्या वाटेनं जावंच लागलं. ब्लेड जास्त दिवस टिकू लागलं आणि ते कुणाचंही चालत होतं. १९७१ मध्ये जिलेटनं दोन पाती एका डबीत पक्की बसवून विकायला काढली, ती ज्याच्या त्याच्याच दांडीला बसणारी. १९७७ मध्ये डोकं हलतं झालं, १९९० मध्ये पात्यांखाली स्प्रिंगा आल्या, १९९८ मध्ये तिसरं पातं आलं, २००३ मध्ये ‘शिक’ या स्पर्धक कंपनीनं चौथं आणि २००६ मध्ये जिलेटनं पाचवं पातं आणलं. कोन आता प्लॅस्टिकमध्ये कायमचा ठरलेला, दाब स्प्रिंगा आणि हलतं डोकं बघणार. हाताकडे फक्त ओढणं उरलं.

मग जास्त पात्यांनी दाढी खरंच जास्त घोटून होते का? होते, आणि तिथंच मेख आहे. पहिलं पातं केस कापताना त्याला थोडा बाहेर ओढतं. तो मागे सरकण्याआधी दुसरं पातं त्याला आणखी खाली कापतं. कापलेलं टोक मग त्वचेच्या पातळीखाली जाऊन बसतं. सरळ, मऊ केसांच्या माणसाला याचा त्रास नाही. केस जाड आणि कुरळा असेल, तर वाढताना त्याचं तिरपं, टोकदार टोक आतल्या आत त्वचेत शिरतं आणि तिथं लालसर, दुखरी पुळी उठते. मानेवर, जबड्याखाली हे जास्त दिसतं. शिवाय पाच पाती म्हणजे एका ओढीत तीच त्वचा पाच वेळा खरवडली जाते.

हे मी अनुभवानं सांगतो. कितीतरी वर्षं माझ्या मानेवर अशा पुळ्या असत. प्रत्येक वेळी मी आणखी एक पातं जास्त असलेलं, आणखी महाग कार्ट्रिज घेत गेलो, आणि पुळ्या वाढत गेल्या. शेवटी आमच्या गल्लीतल्या नाभिक काकांनी मान बघून सांगितलं, “खालून वर ओढू नका. केस जिकडे झोपलाय तिकडंच ब्लेड न्या, आणि एकच ब्लेड न्या.” एका पात्याच्या रेझरवर आलो आणि महिन्या-दीड महिन्यात मान स्वच्छ झाली.

ब्लेड बोथट का होतं, हेही इथंच सांगायला हवं. केस पोलादापेक्षा पन्नास पट मऊ. मग तो पोलादाला हरवतो कसा? २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात याचं उत्तर दिलं. त्यांच्यातल्या जानलुका रोशोली यांनी स्वतःची दाढी करून ते पातं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. धार झिजून गोल झालेली नव्हती, तिचे बारीक टवके उडाले होते. पोलादाची आतली रचना सगळीकडे सारखी नसते. केस तिरपा वाकून नेमका अशा कच्च्या जागेच्या काठावर दाबला गेला, की तिथून टवका उडतो. यातून घरच्या आरशासमोर एवढं घ्यायचं, की केस जितका मऊ तितकं ब्लेड जास्त चालतं आणि त्वचाही वाचते. केस मऊ करतं ते पाणी. क्रीमचा फेस ते पाणी केसाभोवती धरून ठेवतो आणि पात्याला घसरण देतो. अंघोळीनंतर लगेच दाढी करावी, ते जमत नसेल तर कोमट पाण्यानं दोन-तीन मिनिटं चेहरा चांगला ओला ठेवावा. या दोन-तीन मिनिटांची बरोबरी पाचवं पातं करू शकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पाण्याची ही गोष्ट खुद्द जिलेटलाही भारतात येऊन शिकावी लागली. २००२ साली त्यांनी आपल्यासाठी व्हेक्टर नावाचा रेझर आणला. जाड, दाट दाढीचे केस अडकू नयेत म्हणून त्यात ते ढकलून काढायची एक पट्टी होती. त्याची चाचणी घेतली होती एमआयटीतल्या भारतीय विद्यार्थ्यांवर. तिथं नळाला धो धो पाणी, अडकलेले केस आपसूक वाहून जायचे. इथं मात्र बहुतेकांच्या पुढ्यात पेलाभर पाणी. त्यात रेझर बुडवला तर केस निघेनात. मग त्यांची माणसं आपल्या घरांत येऊन बसली. कमी उजेडात, हातात आरसा धरून, जमिनीवर बसून वाटीभर पाण्यात दाढी करणारी माणसं त्यांनी पाहिली. त्यातून २०१० मध्ये जिलेट गार्ड आला. तेव्हा रेझर १५ रुपये, कार्ट्रिज ५ रुपये, सुटे भाग चार. तीन पात्यांच्या त्यांच्याच रेझरमध्ये असे पंचवीस भाग होते. आणि पातं एकच. पाच पात्यांपर्यंत पोचलेली कंपनी आपल्या दाढीसाठी पुन्हा एका पात्यावर आली. एका पात्यानं भागतं, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

तरीही कार्ट्रिज निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. हात थरथरत असेल, नजर अधू झाली असेल, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची दाढी मुलाला करून द्यायची असेल, तिथं कोन सांभाळणारी डबी खरोखर कामाची. रोज सकाळी लोकल पकडायची घाई असलेल्याला ती सोयीची वाटणारच. पण ज्याचे केस जाड आहेत, मानेवर पुळ्या येतात आणि जवळ दहा मिनिटं आहेत, त्यानं सेफ्टी रेझर घ्यावा. पाच पात्यांच्या एका कार्ट्रिजच्या किमतीत दुधारी ब्लेडं कित्येक महिने पुरतील इतकी येतात. पहिले दोन आठवडे कापून घ्याल, कारण कार्ट्रिजमुळे हाताला दाबायची सवय लागलेली असते. सेफ्टी रेझरला दाब लागतच नाही, त्याचं स्वतःचं वजन पुरतं. वरची टोपी गालाला टेकवा आणि धार त्वचेला लागेपर्यंत मूठ हळूहळू खाली आणा, तोच तुमचा कोन. ओढ आखूड ठेवा. आणि बोटांनी आधी चाचपून बघा, मानेवरचे केस पुष्कळदा आडवे वाढतात.

वापरून झालेल्या ब्लेडचं काय करायचं, याबद्दल एक विनंती. कार्ट्रिजमध्ये प्लॅस्टिक, रबर आणि पोलाद असं चिकटलेलं असतं, की ते वेगळं करून पुन्हा वापरणं जवळजवळ अशक्य. दुधारी ब्लेड निव्वळ पोलादाचं. पण ते सुटं कचऱ्यात टाकू नका. तुमचा कचरा कुणीतरी हातानं निवडतं, पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेतल्या बाया निवडतात, दुसरीकडे आणखी कुणी. औषधाचा किंवा कॉफीचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या, झाकणाला चाकूनं एक चीर पाडा आणि प्रत्येक जुनं ब्लेड त्यातून आत सोडा. डबा भरायला वर्षं लागतील. भरला की चीर चिकटपट्टीनं बंद करा, वर मोठ्या अक्षरांत ‘ब्लेड आहेत’ असं लिहा आणि तो कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात, सांगून द्या.