यंत्राची हमी आणि खरेदीदाराची दक्षता

धान्याच्या व्यवहारात नमुना ताडून भाव ठरतो, आणि दाणा हलका निघाल्यास वाद बहुधा वखारीच्या दारातच मिटतो. यंत्राचे तसे नाही. त्याचा दोष काम सुरू झाल्यावर प्रकट होतो आणि तोवर पैसे चुकते झालेले असतात. आपल्या सभासदांच्या घरची कित्येक मुले आज मंगल कार्यालये, अतिथिगृहे व साफसफाईचे मक्ते यांत उतरली आहेत. त्यांच्या उपयोगासाठी गालिचे धुण्याच्या यंत्राचे उदाहरण घेऊन हमीच्या वादांचे स्वरूप येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

या यंत्रात एका टाकीतील साबणमिश्रित पाणी पंपाच्या दाबाने गालिच्याच्या लवेत फवारले जाते आणि लागलीच शोषक मोटार ते मळलेले पाणी दुसऱ्या टाकीत ओढून घेते. मोटार जळाली की खरेदीदार म्हणतो, यंत्र मुळातच सदोष होते. विक्रेता म्हणतो, हा वापराचा दोष. दोन्ही गोष्टी संभवनीय असतात. फेस फार झाल्यास तो मोटारीपर्यंत पोहोचतो. जड पाण्यातील क्षार साचून फवाऱ्याची तोटी कोंडते. अमेरिकेतील १२० व्होल्टांसाठी घडविलेले यंत्र आपल्याकडील २३० व्होल्टांवर थेट जोडल्यास जळण्याचा धोका असतो. म्हणून अशा वादात पुराव्यास सर्वाधिक महत्त्व येते.

आमच्या परिचयातील एका तरुणाने कर्ज काढून असे यंत्र घेतले. दुसऱ्याच आठवड्यात त्याचे शोषण मंदावले. त्याने विक्रेत्यास वारंवार फोन केले, परंतु लेखी एक ओळही धाडली नाही. कारागीर येऊन गेला, पण त्यानेही काही लिहून दिले नाही. अखेर मोटार बंद पडली तेव्हा हमीची मुदत उलटली होती, आणि पूर्वी तक्रार आलीच नव्हती असे उत्तर मिळाले. कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत.

अशा प्रसंगी कायदा काय सांगतो? १९३० च्या मालविक्री कायद्याच्या १६ व्या कलमानुसार, खरेदीदाराने आपले प्रयोजन विक्रेत्यास कळविले असेल, त्याच्या जाणकारीवर विसंबून खरेदी केली असेल आणि तशा वस्तू पुरविणे हा विक्रेत्याचा धंदाच असेल, तर वस्तू त्या कामास योग्य असावी ही अट हमीपत्रात लिहिलेली नसतानाही गृहीत धरली जाते. मात्र करारात तशी नोंद करून ही अट वगळताही येते. यास्तव बिलाच्या पाठीवरील बारीक अक्षरे अवश्य वाचावीत. वाजवी मुदतीत नकार कळविला नाही तर माल स्वीकारल्याचे मानले जाते. त्यानंतर यंत्र परत करण्याचा हक्क सामान्यतः राहत नाही. किमतीत सूट वा नुकसानभरपाई एवढेच मागता येते.

ग्राहक आयोगाचे दार सर्वांस खुले आहे हा समजही बरोबर नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेल्या वस्तूंना वगळतो. अनेक यंत्रे घेऊन नोकरांकरवी धंदा चालविणाऱ्या पेढीस सामान्यतः दिवाणी न्यायालयाचाच मार्ग उरतो. परंतु केवळ उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून यंत्र घेऊन ते स्वतः चालविणारा मनुष्य ग्राहकच ठरतो. एकदोन मदतनीस हाताशी घेतल्याने त्याचा हा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात, त्या वेळच्या १९८६ च्या कायद्याचा अर्थ लावताना स्पष्ट केले. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. नव्या कायद्याने आपण राहतो तेथील आयोगाकडेही ती करता येते. म्हणजे बेळगावच्या तरुणास त्यासाठी विक्रेत्याच्या शहरी खेटे घालावयास नकोत.

तेव्हा आमची सूचना अशी. मागणीपत्रातच यंत्र कोणत्या कामासाठी व रोज किती तास चालवावयाचे हे लिहावे. हमी उत्पादकाची की विक्रेत्याची, ती व्यावसायिक वापरास लागू आहे काय, आणि नळ्या, ब्रश, गाळण्या तीतून वगळल्या आहेत काय, हे आधी विचारून घ्यावे. यंत्र येताच चालवून पाहावे. दोष दिसला तर त्याच दिवशी तारखेसह लेखी कळवावे, पोच जपावी, कारागिराकडून केलेल्या कामाचा कागद घ्यावा आणि परक्या हाताने यंत्र उघडवू नये.

आपल्यापैकी जे बंधू स्वतः यंत्रांची विक्री करतात त्यांनीही हमीच्या अटी गिऱ्हाइकास त्याच्या भाषेत आधीच समजावून सांगाव्यात. सौद्याच्या वेळी स्पष्ट बोललेला शब्द उभयपक्षी लाभाचा असतो, आणि त्यामुळे कर्ज काढून धंद्यात उतरलेल्या एखाद्या मुलाचा संसार सावरतो.