मोटार-अपघात, पोलिसांचे अहवाल आणि विम्याचा दावा

हल्लीं बहुतेक शेतकऱ्यांच्या दारांत दुचाकी आहे, कित्येकांच्या दारांत ट्रॅक्टर आहे, आणि गांवाजवळील रस्त्यावर रहदारी रात्रंदिवस सुरू असते. अपघाताचा प्रसंग कोणाच्याहि घरावर येऊं शकतो. अशा वेळीं विम्याची भरपाई मिळविण्याच्या कामीं पोलिसांच्या कागदांना फार महत्त्व असतें, व ते वेळेवर न झाल्यामुळें खरे दावेहि अडकतात. अहवालास विलंब झाला म्हणजे दावा बुडाला, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाहीं. विलंब कोणाचा व कशामुळें झाला, हें पाहिलें जातें.

जखमी मनुष्यास घेऊन घरचीं माणसें दवाखान्यांत धांवतात, आणि ठाण्यावर कोणी चार दिवसांनीं जातो. असा विलंब न्यायालयें समजून घेतात. सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं रवि विरुद्ध बद्रीनारायण या प्रकरणांत सांगितलें आहे कीं, आधीं उपचाराकडे धांवणें स्वाभाविक असून, केवळ खबर उशिरां दिली एवढ्यावरून दावा खोटा ठरवितां येत नाहीं. मात्र विलंबाचें कारण पटण्याजोगें पाहिजे.

घातक विलंब निराळाच आहे. अपघात झाला कीं, “ठाण्यावर जाऊं नका, गांवांत बसून मिटवूं,” असें सांगणारे चार गृहस्थ पुढें होतात. मोटारवाला ओळखीचा, कधीं पाहुण्यांपैकींच असतो. तो औषधोपचाराचा खर्च कबूल करतो. दवाखान्यांत विचारणा झाली म्हणजे “गाडीवरून घसरून पडला” असें सांगितलें जातें, व तेंच केसपेपरावर लिहिलें जातें. पुढें पाय कापावा लागतो, खर्च लाखांवर जातो, मोटारवाला अंग काढून घेतो, आणि तीन महिन्यांनीं फिर्याद होते. मग विमा कंपनीचा वकील तो केसपेपर पुढें ठेवून विचारतो कीं, पहिल्या दिवशीं ज्या मोटारीचें नांव नव्हतें, ती आतां कोठून आली? विमा उतरविलेली भलतीच मोटार मागाहून दाखविल्याचीं बनावट प्रकरणें घडत असल्यामुळें हा प्रश्न पोकळ म्हणतां येत नाहीं. गांवकीची तडजोड वाईट असें माझें म्हणणें नाहीं. बांधाच्या तंट्यांत ती कोर्टापेक्षां बरी. परंतु मोडलेल्या हाडाचा खर्च कोठपर्यंत जाईल हें पंचांस कळत नाहीं, आणि जिनें भरपाई द्यावयाची ती विमा कंपनी त्या बैठकींत नसते. यास्तव दवाखान्यांत खरें तेंच सांगावें व मोटारीचा नंबर तेथेंच नोंदवून घ्यावा.

फिर्याद देतांना तिची पोहोच घ्यावी. नोंदलेल्या खबरेची नक्कल फिर्यादीस विनामूल्य मिळते. ठाण्यावर खबर नोंदून घेत नसल्यास तीच हकीकत लेखी, टपालानें पोलीस अधीक्षकांकडे पाठवितां येते.

आतां ठाण्याकडून होणारा विलंब. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणें तपास अधिकाऱ्यानें ४८ तासांत नमुना १ मधील पहिला अपघात अहवाल मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे पाठवावयाचा असतो, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. नमुना १ ची नक्कल जखमीसहि मिळावयाची असते. असा अहवाल पोहोंचला म्हणजे प्राधिकरणानें तोच दाव्याचा अर्ज समजावा, असें कायद्याचें कलम १६६ सांगतें. योजना उत्तम आहे; पण कचेरींत आयुष्य काढलेल्यास मुदत व अंमल यांतील अंतर सांगावयास नको. हे नियम पाळले जावेत म्हणून १५ डिसेंबर २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयास सर्व राज्यांना आदेश द्यावे लागले.

म्हणून अहवालाची वाट पाहत बसूं नये. जखमीस किंवा मृताच्या वारसांस स्वतः अर्ज करतां येतो, आणि तो आपण राहतों तेथील प्राधिकरणाकडेहि चालतो. कायद्यांत यास अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला असला, तरी मुदत आहे असेंच धरून चालावें. एखादा पोलिसी कागद हातीं नसला तर तसें अर्जांत लिहावें; प्राधिकरणास कागद मागविण्याचा अधिकार आहे.

स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा दावा हा विम्याच्या करारावर चालतो. तेथें कंपनीस ताबडतोब लेखी कळवावें, आणि तिचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत दुरुस्तीस हात लावूं नये.

धडक देऊन मोटार पळाली व तिचा पत्ताच लागला नाहीं, तर विमा कंपनी कोणती हा प्रश्नच उरत नाहीं. अशा वेळीं २०२२ च्या योजनेप्रमाणें मृत्यूबद्दल २ लाख रुपये व गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये मिळतात. हा अर्ज कोर्टांत नव्हे, तर प्रांत किंवा तहसीलदार यांजकडे करावयाचा असतो, ही गोष्ट तालुक्याच्या गांवींहि फार थोड्यांस ठाऊक आहे. गुन्हा नोंदल्यापासून एक महिन्यांत मोटारीचा शोध न लागल्यास पोलिसांनीं या योजनेची माहिती जखमीस अथवा वारसांस लेखी द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२४ चा आदेश आहे. महिना उलटूनहि तसें पत्र आलें नाहीं, तर ठाण्यावर जाऊन तें मागून घ्यावें.