समुद्राचा सातबारा

गोदावरीला पूर आला, की नाशिककर एकमेकांना एकच प्रश्न विचारतात, 'मारुती कुठवर बुडाला?' गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले, हे वर्तमानपत्रात सविस्तर छापून येते. पण रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागले, कमरेला आले की छातीपर्यंत चढले, यावरून नदीकाठच्या दुकानदाराला माल कधी हलवायचा ते कळते. २००८, २०१६, २०१९ या सालांचे पूर लोकांच्या लक्षात आहेत ते असेच, मारुतीच्या अंगावरच्या पाण्याने. यात शास्त्र नाही असे कोणी म्हणू नये. मारुती जागचा हलत नाही आणि सगळे त्याच्याचकडे पाहतात, म्हणून आजोबांनी १९६९ च्या महापुरात पाहिलेले आणि नातवाने परवा पाहिलेले एकमेकांशी ताडून बघता येते.

समुद्रकिनाऱ्यावर असा मारुती नाही. तो आपण उभा करू शकतो, हे सांगण्यासाठी आजचा हा लेख.

दिवाळी झाली की अर्धे नाशिक कोकणात उतरते. कोणी जव्हारमार्गे डहाणू-बोर्डीला, कोणी केळव्याला, ज्यांना रजा जास्त ते दापोली-गुहागरला. परतताना प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये दोन-तीनशे फोटो असतात. त्यांत आपण असतो, मुले असतात, उंट किंवा घोडागाडी असते. मागे किनाराही असतो. पण त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते.

ते असायला हवे, असे मला का वाटते ते सांगतो. नोकरीत असताना काही वर्षे मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनारी गावच्या शाखेत होतो. एका वाडीवाल्याने कर्जासाठी अर्ज केला. सातबारावर बावीस गुंठे जमीन. पाहणीला गेलो, तर पावलांनी मोजूनही ती सोळा-सतराच्या वर जाईना. गृहस्थ शांतपणे म्हणाले, "साहेब, उरलेली तिकडे," आणि त्यांनी लाटांकडे बोट दाखवले. माडांच्या दोन ओळी समुद्राने नेल्या होत्या. शेतसारा मात्र ते बावीस गुंठ्यांचा भरत होते. जमीन केव्हा गेली, किती गेली, याचा पुरावा त्यांना एका कार्यालयाने मागितला होता. त्यांच्याकडे मुलाच्या मुंजीतला एक फोटो होता. त्यात बटूच्या मागे वाडीतली विहीर आणि विहिरीपलीकडे माड स्पष्ट दिसत होते. मी पाहिली तेव्हा ती विहीर भरतीच्या पाण्यात होती. पण फोटोवर तारीख नव्हती. बँकेत काय किंवा कचेरीत काय, तारखेशिवाय कागदाला किंमत नाही.

अशी गावे थोडी नाहीत. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातली उपग्रहचित्रे तपासली. देशाच्या मुख्य भूमीचा ६,६३२ किलोमीटर किनारा त्यांनी पाहिला, तेव्हा त्यातला सुमारे एक तृतीयांश झिजत असल्याचे दिसले. उपग्रह देशाचे चित्र दाखवतो. पण पावसाळ्यात, नेमका किनारा सर्वांत जास्त हलतो तेव्हा, ढग मध्ये येतात. आणि एखाद्या वाडीच्या बांधाचा हिशेब आकाशातून लागणे कठीण. तिथे जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचे डोळे लागतात.

मात्र किनारा वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली, वाळूचे खाते चालू असते. पावसाळ्यातल्या जोरदार लाटा पुळणीवरची वाळू ओढून जवळच्या उथळ पाण्यात नेऊन टाकतात. पुढच्या शांत महिन्यांत ती हळूहळू परत येते. सप्टेंबरातला फोटो जानेवारीतल्या फोटोशेजारी ठेवून 'किनारा वाढला' म्हणण्यात अर्थ नाही. डिसेंबरची तुलना डिसेंबरशीच हवी, आणि तीही अनेक वर्षे. दरवर्षी काढलेल्यापेक्षा परत आलेले कमी पडू लागले, की तूट खरी.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. सकाळी आणि दुपारी तोच किनारा वेगळा दिसतो. कोकणातले जुने लोक यासाठी पाऊणकी वापरतात: तिथीला पाऊणने गुणले, की पूर्ण भरतीची ठोकळ वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. आमच्या पिढीने पाठ केलेले हे पाढे नातवंडांना शिकवायला याहून चांगली जागा नाही.

बाहेर हे काम सामान्य लोकांनी करून दाखवले आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या नॅराबीन किनाऱ्याची मोजणी १९७६ पासून चालू आहे. तिची सुरुवात एका साध्या पद्धतीने झाली, जी के. ओ. एमरी या सागरशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये सांगितली होती. सारख्या उंचीच्या, खुणा केलेल्या दोन काठ्या ठरावीक अंतरावर उभ्या करायच्या. मागच्या काठीपाशी उभे राहून पुढच्या काठीचे टोक क्षितिजाच्या रेषेत आणायचे. ती रेषा मागच्या काठीला टोकापासून जितकी खाली छेदते, तितका तिथला उतार. दोन काठ्या, एक दोरी आणि क्षितिज, बस्स! २०१७ मध्ये तिथल्याच न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 'कोस्टस्नॅप' सुरू केले. किनाऱ्यावर मोबाइल ठेवण्याची एक पक्की खोबण बसवली. येणाऱ्याजाणाऱ्याने त्यात फोन ठेवून फोटो काढायचा आणि वेळेसह पाठवायचा. जागा आणि चौकट तीच, भरतीची वेळ माहीत. त्यामुळे पाण्याची कड नकाशावर उतरवता येते. पुढे अनेक देशांनी ही कल्पना उचलली.

आपल्याकडे गावकऱ्यांच्या नोंदींना काय मोल येते, हे मंडणगड तालुक्यातल्या वेळासने दाखवले. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन तिथली सागरी कासवांची घरटी राखली. कासवांसाठी जमले, ते वाळूसाठीही जमेल.

आपण एवढे करावे. न हलणारी एक जागा निवडावी: देवळाची पायरी, धक्क्याचा कोपरा, विहिरीचा कठडा. चौकटीत एखादी इमारत किंवा खडक यावा. तारीख, वेळ आणि तिथी वहीत लिहावी. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर त्यात दडलेली वेळेची आणि जागेची नोंद गळून पडते, म्हणून मूळ फोटो जपावा किंवा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. एक प्रत गावच्या शाळेत द्यावी, एक ज्यांच्याकडे उतरलो त्या यजमानांकडे. आपण दोन दिवसांचे पाहुणे. हिशेबाची गरज त्यांना आहे. पुढच्या वर्षी दुसरे कुटुंब त्याच पायरीवरून फोटो काढील आणि वहीत दुसरी ओळ पडेल.

अशा दहा ओळींनी समुद्र थांबणार नाही. पण भिंत कुठे बांधायची, मुळात बांधायची की नाही, भरपाई कोणाला आणि किती गुंठ्यांची, हे ठरवताना त्या गावच्या माणसाला पुढे ठेवायला तारीख घातलेला कागद मिळेल. तेव्हा यंदा किनाऱ्यावर पोहोचल्यावर पहिला फोटो खुशाल मुलांचा काढा. दुसरा त्यांच्याकडून किनाऱ्याचा काढून घ्या, आणि तिथी विसरू नका.