मतदार कार्डावर लुंबिनी

परदेश प्रवास म्हटला की विमान, पासपोर्ट आणि लाखांचा खर्च डोळ्यांपुढे येतो. ते आपले काम नव्हे, असे म्हणून आपण विषय सोडून देतो. परंतु तथागतांचे जन्मस्थान लुंबिनी नेपाळात, म्हणजे परदेशातच आहे आणि भारतीय नागरिकाला तिथे मतदार ओळखपत्रावर जाता येते. ठाणे, कल्याण व डोंबिवलीतील आम्ही ४२ जण असेच गेलो. सफाई कामगार, रिक्षाचालक, निवृत्त रेल्वे कर्मचारी, घरकाम करणाऱ्या भगिनी. बहुतेकांचा पैसा भिशीचा.

कल्याणहून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर गाठले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्रिसरण-पंचशील घेऊन बस निघाली. फरेंदा, नौतनवा मागे टाकत सीमेवरचे सोनौली शंभर किलोमीटरच्या आतच येते. मागच्या बाकांवर भीमगीतांना चांगलाच रंग चढला होता.

सोनौलीला मात्र बस थांबली ती थांबलीच. भारतातील गाडी नेपाळात न्यायची तर तिथल्या जकात कार्यालयात नोंद करून शुल्क भरावे लागते. त्याला तिकडे ‘भन्सार’ म्हणतात. ते चालू असताना ओळखपत्रांची तपासणी झाली आणि एका भगिनीला अडवले. तिच्याजवळ फक्त आधार कार्ड होते. १५ ते ६५ या वयोगटाला ते चालत नाही. सहल काढणाऱ्या इसमाने मात्र ‘कोणतेही कार्ड चालेल’ असे सांगितले होते. चार घरची धुणीभांडी करून तिने दोन वर्षे पैसे साठवले होते. विनवण्या झाल्या, पण नियम तो नियम. शेवटी तीच म्हणाली, “तुम्ही जा. माझ्या वाटची वंदना तिथं करा.” तिची बहीण सोबतीला थांबली. बसमधली गाणी बंद झाली.

सीमा ओलांडताच घड्याळ १५ मिनिटे पुढे करावे लागते. भैरहवा, म्हणजेच सिद्धार्थनगर, ओलांडून आम्ही दुपारी लुंबिनीत पोहोचलो. जपानी वास्तुशिल्पी केन्झो टांगे यांच्या १९७८ च्या आराखड्यानुसार हा परिसर वसवला आहे. मधोमध कालवा, एका बाजूला थेरवादी आणि दुसऱ्या बाजूला महायानी देशांचे विहार. मायादेवी मंदिरात प्राचीन विटांचे अवशेष व जन्मस्थानाची खूण असलेला दगड आहे. बाहेर पुष्करिणी आणि सम्राट अशोकाचा स्तंभ. १९९७ साली युनेस्कोने हे स्थळ जागतिक वारसा ठरवले.

स्तंभावरील ब्राह्मी लेख १८९६ साली उजेडात आला. राज्याभिषेकाला २० वर्षे झाल्यावर अशोक स्वतः येथे आला, बुद्ध येथे जन्मले म्हणून त्याने गावाचा ‘बली’ हा कर माफ केला आणि पिकातील राजाचा वाटा एक अष्टमांशावर आणला, असे त्यात कोरले आहे. राजा वंदनेला आला आणि जाताना गावाचे ओझे हलके करून गेला. हा अर्थ ऐकताच सर्वांना सोनौलीत थांबलेल्या भगिनीची आठवण झाली. तिच्या नावाने वंदना घेतली. परतीच्या वाटेवर बसमध्येच ठरले की, पुढच्या वेळी तिचे भाडे सर्वांनी मिळून भरायचे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा देऊन बाबासाहेब पुढच्याच महिन्यात जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते. त्यांच्याच संविधानाच्या ३२६ व्या कलमाने प्रत्येक प्रौढाला मताचा अधिकार दिला. मतदार कार्ड ही त्या अधिकाराची खूण आहे. ते निवडणुकीपुरते ट्रंकेत ठेवायचे नसते.

म्हणून यात्रेचे पैसे भरण्याआधी आपल्या विहारात एक रविवार कागद तपासण्यासाठी ठेवा. मतदार कार्ड किंवा पासपोर्ट आहे ना, कार्डावरील नाव बरोबर आहे ना, ते पाहा. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी मुख्याध्यापकांचे ओळखपत्र घ्या. ६५ वर्षांवरील ज्येष्ठांजवळही छायाचित्राचा पुरावा हवा. ज्यांच्याकडे कार्डच नाही, त्यांचा अर्ज आधी भरून द्या. गाडीत जागा सर्वांना मिळते. सीमा मात्र सर्वांना ओलांडता आली पाहिजे.