बिनतारी जोडणी, अंतःस्थापित प्रणालींतील

वजनकाटा, औद्योगिक मापक, इन्शुलीन पंप इ. उपकरणांत ठराविक कामासाठी कायमचा बसविलेला जो लहान संगणक असतो, त्याला अंतःस्थापित प्रणाली म्हणतात. अशा प्रणालीस दुसऱ्या उपकरणाशी जोडणारी तार काढून माहितीची देवघेव रेडिओ तरंगांद्वारे करण्याच्या व्यवस्थेस बिनतारी जोडणी म्हणतात.

तारेच्या अनुक्रमी जोडणीचे आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० मध्ये तयार झाले. तीत द्विमान अंक एकामागून एक पाठविले जातात. सेकंदाला ९,६०० अंक या वेगाने व प्रत्येक अक्षरास १० अंक धरल्यास सेकंदाला ९६० अक्षरे जातात. ही जोडणी स्वस्त असून तिच्यातील विलंब नगण्य व निश्चित असतो. परंतु तारा झिजतात, तुटतात आणि फिरत्या यंत्रभागांना गैरसोयीच्या ठरतात.

तारेला पर्याय म्हणून स्वीडनमधील एरिक्सन कंपनीने १९९४ मध्ये ज्या तंत्राचे काम सुरू केले, ते पुढे ब्लूटूथ या नावाने प्रसिद्ध झाले. ते २,४०० ते २,४८३·५ मेगॅहर्ट्‌झ या कंप्रतापट्ट्यात चालते. भारतात हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त करण्यात आला. मूळ पद्धतीत ७९ मार्ग असून इतरांचा व्यत्यय टाळण्यासाठी सेकंदाला १,६०० पर्यंत मार्गबदल केले जातात. तिच्यातील अनुक्रमी जोडणीचे अनुकरण करणाऱ्या सोयीमुळे जुन्या उपकरणास तार जोडलेलीच आहे असे भासते.

हा भास मात्र पूर्ण नसतो. बिघडलेला संदेशखंड पुन्हा पाठवावा लागत असल्याने विलंब कमीजास्त होतो. औद्योगिक नियंत्रणातील मॉडबस पद्धतीच्या एका प्रकारात दोन संदेशांमधील सीमा किमान साडेतीन अक्षरांच्या शांततेवरून ओळखतात. वरील वेगाला, प्रत्येक अक्षराचे ११ अंक धरता, हा काळ सु. ४ मिलिसेकंद होतो. रेडिओ मार्गात तेवढा खंड संदेशाच्या मध्येच पडला, तर ग्राही अर्धाच संदेश पूर्ण समजतो व तो त्रुटिपरीक्षेत बाद होतो. म्हणून संपूर्ण संदेश साठवून मगच सलग पुढे देणारा मध्यस्थ घटक योजावा लागतो आणि उत्तराची वाट पाहण्याची मुदत वाढवावी लागते.

तारेतून विद्युत् पुरवठाही करता येतो. ती काढल्यावर बहुधा विद्युत् घट लागतो. २०१० मधील अल्पऊर्जा ब्लूटूथमध्ये रेडिओ बहुतेक वेळ बंद ठेवून घटाचे आयुष्य वाढविले जाते. धातूच्या पेटीत आकाशक ठेवल्यास तरंग अडतात. म्हणून तो पेटीबाहेर किंवा प्लॅस्टिकच्या झाकणामागे बसवितात.

तारेपर्यंत पोहोचल्याशिवाय तिच्यातील संदेशात ढवळाढवळ करता येत नाही. रेडिओ संदेश मात्र भिंतीपलीकडेही पोहोचतो. जवळची अन्य व्यक्ती बिनतारी मार्गाने मात्रा बदलू शकेल, या कारणास्तव २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने काही इन्शुलीन पंपांबाबत इशारा दिला होता. यास्तव संदेशाचे गूढलेखन व प्रेषकाची ओळख पटविणे आवश्यक असते. जोडणी तुटल्यास यंत्र आपोआप सुरक्षित स्थितीत जाईल अशी योजनाही करावी लागते. आणीबाणीच्या थांब्यासारख्या कार्यासाठी अशी खात्री देता येत नसेल, तर तारच राखणे इष्ट ठरते.