परसातील कोंबड्यांचे भक्षक

परसातील कोंबड्यांचे भक्षक म्हणजे घराभोवती मोकळ्या सोडलेल्या किंवा खुराड्यात ठेवलेल्या कोंबड्या, त्यांची पिल्ले व अंडी यांवर हल्ला करणारे प्राणी होत. महाराष्ट्र व गोव्यात मुंगूस, रानमांजर, कांडेचोर, कोल्हा, बिबट्या, शिक्रा, घार, कावळा, घोरपड, साप आणि घूस हे त्यांतील प्रमुख आहेत. भटकी कुत्री व पाळीव मांजरे वन्य नसली, तरी त्यांच्यामुळेही मोठे नुकसान होते. प्रत्येक भक्षकाची येण्याची वेळ, वाट आणि मारण्याची रीत वेगळी असते. त्यामुळे मागे राहिलेल्या खुणांवरून भक्षक ओळखणे ही संरक्षणाची पहिली पायरी मानली जाते.

== पार्श्वभूमी ==

२०१९च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे ८५.२ कोटी कुक्कुट पक्षी होते. त्यांपैकी सुमारे ३१.७ कोटी परसातील होते. हा व्यवसाय प्रामुख्याने अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांत चालतो आणि बहुतांशी स्त्रियांच्या हाती असतो. पक्ष्यांची संख्या थोडी असल्याने एका रात्रीच्या हल्ल्यात कुटुंबाचे अनेक महिन्यांचे पूरक उत्पन्न बुडू शकते.

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा हा रात्री झाडावर बसतो. गावठी कोंबड्यांमध्येही उंच जागी बसण्याची ही सवय टिकून आहे. आकाशातून येणाऱ्या आणि जमिनीवरून येणाऱ्या शत्रूसाठी कोंबडा इशाऱ्याचे वेगवेगळे आवाज काढतो. अंधारात मात्र कोंबड्यांना फार कमी दिसते. त्यामुळे खुराड्यात शिरलेल्या प्राण्यापुढे त्या जवळजवळ असहाय असतात. वजनदार संकरित जातींना उंच उडता येत नाही व पांढरा पक्षी दुरून उठून दिसतो. म्हणून मोकळ्या संगोपनासाठी रंगीत पिसांचे व चपळ पक्षी अधिक योग्य समजले जातात.

== खुणांवरून ओळख ==

हल्ल्याची वेळ हा पहिला दुवा असतो. मुंगूस, घोरपड, शिकारी पक्षी आणि कावळा दिवसा येतात. कांडेचोर, घूस व बिबट्या बहुधा रात्री येतात. रानमांजर आणि कोल्हा पहाटे व संध्याकाळच्या अंधुक प्रकाशातही फिरतात.

मऊ मातीवरील ठसे दुसरी माहिती देतात. मांजरकुळातील प्राणी चालताना नखे आत ओढून घेतात, त्यामुळे त्यांच्या ठशात सहसा नखांच्या खुणा नसतात. कुत्रा, कोल्हा व मुंगूस यांच्या ठशांत त्या दिसतात. घोरपडीच्या पावलांमधून शेपटीची रेघ गेलेली असते. ठसे स्पष्ट मिळावेत म्हणून खुराड्याभोवती बारीक माती किंवा राख पसरून ठेवता येते.

पिसांचाही उपयोग होतो. शिकारी पक्षी भक्ष्याची पिसे उपटतात. अशा पिसांचे देठ अखंड असतात व ती एका जागी विखुरलेली आढळतात. सस्तन प्राणी पिसे चावून तोडत असल्याने देठ तुटलेले किंवा चिरडलेले दिसतात.

== प्रमुख भक्षक ==

=== सस्तन प्राणी ===

मुंगूस अरुंद फटीतून शिरते आणि पिल्ले व अंडी पळवते. मोठ्या कोंबडीच्या मानेवर किंवा डोक्यावर त्याचा चावा आढळतो. रानमांजर, ज्याला काही भागांत बाऊल म्हणतात, मानेला पकडून पक्षी झुडपात ओढून नेते. अशा वेळी मागे थोडी पिसे उरतात. कांडेचोर झाडावरून छपरावर उतरतो आणि कौले किंवा पत्रा यांमधील फटीतून आत शिरतो. त्याच्या विष्ठेत फळांच्या बिया आढळतात. कोल्हा मोकळा पक्षी उचलून नेतो किंवा कुंपणाखालून उकरून येतो.

एकाच वेळी अनेक पक्षी मारून न खाता टाकलेले असतील, तर पहिला संशय बहुधा कुत्र्यांवर घेतला जातो. तथापि बंद जागेत घाबरून फडफडणाऱ्या पक्ष्यांमुळे इतर मांसाहारी प्राणीही गरजेपेक्षा जास्त पक्षी मारू शकतात. घुशी व उंदीर पिल्ले बिळात ओढून नेतात. लाकडावरील कुरतडल्याच्या खुणा आणि लेंड्या यांवरून ते ओळखता येतात.

जुन्नरसारख्या ऊसपट्ट्यात व डोंगराळ भागात बिबट्या वस्तीजवळ राहतो. अकोले परिसरात बिबट्यांच्या विष्ठेवर झालेल्या अभ्यासात, त्यांनी खाल्लेल्या भक्ष्याच्या एकूण वजनात पाळीव प्राण्यांचा वाटा सुमारे ८७ टक्के आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के आढळला. त्यामुळे अशा भागात खुराड्याजवळ बाहेर बांधलेला राखणीचा कुत्रा स्वतःच बिबट्याला आकर्षित करू शकतो.

=== पक्षी ===

शिक्रा व घार प्रामुख्याने लहान पिल्ले उचलतात, तर कावळा पिल्लांसह अंडीही नेतो. गव्हाणी घुबडावर अनेकदा आळ येतो. प्रत्यक्षात त्याचे मुख्य खाद्य उंदीर हे आहे.

=== सरीसृप ===

धामण, नाग व अजगर हे कधीकधी खुराड्यात शिरतात. साप अंडे सबंध गिळतो, त्यामुळे टरफलाचे तुकडे राहत नाहीत. भक्ष्य गिळल्यावर पोट फुगल्याने तो आला त्या जाळीतून बाहेर पडू शकत नाही आणि सकाळी आतच सापडतो. म्हणून अंडी काढण्यासाठी अंधाऱ्या खोक्यात हात घालण्यापूर्वी आत उजेड टाकून पाहणे आवश्यक ठरते. घोरपड जमिनीलगतच्या घरट्यातील अंडी व पिल्ले खाते.

== मृत्यूची इतर कारणे ==

प्रत्येक मेलेली कोंबडी भक्षकाने मारलेली नसते. मानमोडी (राणीखेत) सारख्या रोगाने मेलेल्या पक्ष्याला नंतर कुत्री, मुंगूस किंवा उंदीर खातात. जिवंतपणी चावा बसला असल्यास जखमेभोवती कातडीखाली रक्त साकळते. मेल्यानंतर खाल्लेल्या पक्ष्यात ते आढळत नाही. फुटलेल्या अंड्यांमागेही कधीकधी कोंबड्याच असतात. खाद्यात कॅल्शियम कमी पडल्यास त्यांना अंडी फोडून खाण्याची सवय लागू शकते.

एकाएकी अनेक पक्षी जखमांशिवाय मेल्यास त्यांना उघड्या हाताने स्पर्श न करता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवणे आवश्यक असते. भारतातील कोंबड्यांमधील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदवला गेला होता.

== प्रतिबंध ==

* रात्रीचा बंदोबस्त: सर्व पक्षी तिन्हीसांजेपूर्वी आत घेऊन मोजणे आणि दाराला घट्ट कडी लावणे हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे.
* जाळी: षट्कोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण कुत्र्याला अडवू शकत नाही. सुमारे १.२५ सेंटिमीटर छिद्रांची मजबूत वेल्डेड जाळी घूस, मुंगूस व बहुतेक सापांनाही रोखते.
* पाया: उकरणाऱ्या प्राण्यांसाठी जाळी सुमारे ३० सेंटिमीटर जमिनीत पुरतात किंवा बाहेरच्या बाजूस जमिनीवर पसरून वर माती व दगड टाकतात. दोन-तीन फूट उंच खांबांवरील खुराड्याखाली भक्षकांना लपायला जागा राहत नाही. खांबांना पत्रा गुंडाळल्यास घुशींना चढता येत नाही.
* छप्पर: कौलांखाली जाळी ठोकणे आणि छपरावर टेकलेल्या फांद्या छाटणे कांडेचोरासाठी उपयुक्त असते.
* पिल्ले: पहिले काही आठवडे पिल्ले डालग्याखाली किंवा वरून झाकलेल्या आवारात ठेवतात. आवारातील दाट झुडपे पक्ष्यांना घारीपासून आडोसा देतात, पण खुराड्याला लागून असलेली झुडपे मांजर व मुंगसाच्या पथ्यावर पडतात. मासेमारीच्या जुन्या नायलॉन जाळ्या जमिनीलगत लावल्यास त्यांत साप व इतर जीव अडकून मरतात.
* स्वच्छता: सांडलेले धान्य उंदरांना आणि उंदीर सापांना बोलावतात. खाद्य पत्र्याच्या डब्यात ठेवणे, अंडी रोज काढणे व मेलेले पक्षी खोल पुरणे यांमुळे ही साखळी तुटते. कापलेल्या कोंबड्यांचे टाकाऊ अवशेष उघड्यावर टाकल्यास कुत्री व त्यांच्यामागे बिबट्याही येतो.

बुजगावणी, चमकत्या फिती व लुकलुकणारे दिवे यांचा परिणाम अल्पकाळ टिकतो. प्राणी त्यांना सरावतात, म्हणून त्यांची जागा वरचेवर बदलावी लागते.

== कायदेशीर व पर्यावरणीय बाजू ==

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये बिबट्या, अजगर व घोरपड यांना पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. संरक्षित प्राण्यांना मारणे, फासात पकडणे किंवा त्यांच्यावर विषप्रयोग करणे हा गुन्हा ठरतो. विषाचे आमिष पाळीव जनावरे, गिधाडे व लहान मुले यांनाही घातक असते. कुंपणात थेट विजेचा प्रवाह सोडल्याने माणसेही दगावतात. बिबट्या किंवा साप आत अडकल्यास त्याला न डिवचता वन विभागाला कळवणे अपेक्षित असते. त्यासाठी महाराष्ट्रात १९२६ हा मदत क्रमांक आहे.

भक्षक मारल्याने प्रश्न सहसा सुटत नाही. खुराड्यातील फट तशीच राहिली, तर रिकाम्या झालेल्या क्षेत्रात दुसरा प्राणी येतो. मुंगूस, रानमांजर आणि धामण हे उंदीर-घुशींचेही शत्रू आहेत. ते नाहीसे झाल्यास पिल्ले, अंडी व साठवलेले धान्य यांचे उंदरांकडून होणारे नुकसान वाढू शकते.

== हेही पहा ==

* कुक्कुटपालन
* मुंगूस
* रानमांजर
* बिबट्या
* मानव-वन्यजीव संघर्ष