हळदीची गोळी, गुळवेलीचा काढा

‘झाडपाल्याचं आहे, गुण नाही आला तरी अपाय तर नाही!’ 2020 साली करोनाच्या धास्तीने घरोघरी गुळवेल उकळू लागली ती याच भरवशावर. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबरदरम्यान मुंबईत यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद झाली. सहाही जण गुळवेल घेत होते. त्यातला एक दगावला.

हा अहवाल 2021 मध्ये प्रसिद्ध झाला आणि वाद पेटला. आयुष मंत्रालयाचं म्हणणं, दिसायला सारखी दुसरी वेल घेतली गेली असावी. शक्य आहे, पण पुडीतली पूड पाहून गिऱ्हाइकाला तो फरक कळणार कसा? पुढच्याच वर्षी देशातल्या 13 केंद्रांनी मिळून अशा 43 रुग्णांची माहिती मांडली. गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते, असं मानलं जातं. काही जणांची प्रतिकारशक्ती मुळातच स्वतःच्या यकृतावर उलटलेली असते आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो. तो दबलेला आजार गुळवेलीने उघड्यावर येऊ शकतो, असा या केंद्रांचा निष्कर्ष होता.

मग हळद? ती तर रोजच्या आमटीत असते. आमटीतल्या चिमटीवर कुणाचा आक्षेप नाही. कॅप्सूलमध्ये मात्र हळदीचा अर्क असतो आणि तो अंगी लागावा म्हणून बऱ्याचदा मिऱ्यातलं पायपरीनही घातलेलं असतं. पायपरीनमुळे रक्तात उतरणारं हळदीतलं कर्क्युमिन वीस पटींनी वाढतं, हे 1998 साली बंगळुरूच्याच संशोधकांनी दाखवलं होतं. 2022 मध्ये अमेरिकेत हळदीच्या पूरकांमुळे यकृत बिघडलेले दहा रुग्ण नोंदवले गेले. दहापैकी सात जणांत एकच विशिष्ट जनुकीय प्रकार सापडला. म्हणजे शेजाऱ्याला सोसलेली गोळी आपल्यालाही सोसेल, हा हिशेब इथे चालत नाही.

ग्रीन टीचंही तसंच. कपातला चहा वेगळा, वजन उतरवणाऱ्या गोळीतला अर्क वेगळा. त्यातलं ईजीसीजी हे द्रव्य पूरकांतून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं, तर यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये सांगितलं.

‘लिव्हर टॉनिक’ तरी यकृताला सांभाळत असेल? मिल्क थिसलमधलं सिलिमरिन त्यासाठीच खपतं. इंटरफेरॉन या औषधाने बरं न झालेल्या हिपॅटायटिस सीच्या 154 रुग्णांना ते नेहमीपेक्षा मोठ्या मात्रेत 24 आठवडे देऊन पाहिलं. 2012 मध्ये निकाल आला तेव्हा ते प्लासिबोहून, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीहून, सरस ठरलं नव्हतं.

सगळीच पूरकं निकामी असतात, असंही नाही. मधुमेह नसलेल्या, पण फॅटी लिव्हरमुळे यकृताला सूज आलेल्या रुग्णांना 96 आठवडे रोज 800 युनिट ‘ई’ जीवनसत्त्व दिलं, तेव्हा 43 टक्क्यांत सुधारणा दिसली. प्लासिबोवाल्यांत 19 टक्के. पण आजाराचं निदान बायोप्सीने पक्कं करून मगच ते सुरू केलं होतं, आणि यकृतातले व्रण त्यानेही फारसे भरले नाहीत.